पडद्याला बोलतं करणारे दामलेमामा

कर्जत-खालापूरकडच्या बंगल्यांतून सुट्टीच्या दिवशी आता भिंतभर टीव्ही आणि त्याच्या भोवती पाच-सहा स्पीकर असा थाट दिसतो. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्यात. दोहोंची गाठ घालताना घरच्यांना घाम फुटतो. हीच गाठ पहिल्या मराठी बोलपटात ज्यांनी बांधली, ते विष्णुपंत दामले खालापूरच्या शेजारच्या पेणचे.

त्यांचा जन्म १८९२ चा. कोल्हापुरात आनंदराव पेंटरांच्या हाताखाली ते पडदे रंगवायला शिकले, मग बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत रमले. तिथल्या देशी कॅमेऱ्याच्या खटपटीत त्यांचाही हात होता. १९२९ मध्ये शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ काढली.

दोनच वर्षांत ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांचे दिवस भरले. ‘प्रभात’पुढे जगण्याचाच प्रश्न होता. ध्वनीची जबाबदारी घेतली ती पडदे रंगवणाऱ्या दामल्यांनी! पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोरच गात, साथीदार चौकटीबाहेर बसत आणि कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनपासून दूर ठेवावी लागे. फिल्मच्या कडेला उमटणारी ध्वनिरेषा चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असते, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचण्याची जागा वेगळी. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. म्हणजे हिशेब चुकला तर ओठ आधी आणि शब्द नंतर. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दामल्यांनी हा मेळ जमवला.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला आली. फत्तेलालांसह दामल्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये झळकला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची आवली घराघरांत पोचली. पुढे ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’ आणि ‘संत सखू’ आले. १९४५ मध्ये दामले गेले. ‘प्रभात’च्या आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि तिथे आजही मुलं ध्वनिमुद्रण शिकतात.

दामल्यांचा धडा घरातही उपयोगी पडतो. टीव्हीच्या आणि ध्वनियंत्राच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खोबणी एकाच तारेने जोडाव्यात आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवावा, कारण संवाद तिथूनच येतात. शब्द आधी ऐकू आले आणि ओठ मागे राहिले, तर यंत्रातला ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा वाढवावा. टीव्हीला चित्र सावरायला वेळ लागतो, म्हणून हा फरक पडतो.

आणि ‘संत तुकाराम’ लावाल तेव्हा मागचे स्पीकर शांतच ठेवा. तो आवाज एकाच वाटेने, समोरून येण्यासाठी घडवलेला आहे. कृत्रिम घुमाऱ्यात अभंगाचे शब्द हरवतात. आणि घरातल्या आजी-आजोबांना स्पीकर किती आहेत याचं अप्रूप नसतं, त्यांना तुकोबांचा शब्द न् शब्द ऐकायचा असतो.