आईच्या फाइलवरचे ग्रे

तीन वर्षांपूर्वी आईच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं होतं : ५० ग्रे, २५ वेळा मिळून. मला ते मशीनचं नाव वाटलं. (इंजिनिअरिंगची पदवी आहे, हसू नका.) मग कळलं की हे एका माणसाचं आडनाव आहे.

लुई हॅरॉल्ड ग्रे यांचा जन्म १९०५ सालचा, लंडनजवळचा. शिष्यवृत्तीवर ते ख्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये शिकले. नाव असं असलं तरी ती शाळाच. पुढे केंब्रिज, आणि रदरफोर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गॅमा किरणांवर पीएच.डी. १९३२ मध्ये त्याच प्रयोगशाळेत न्यूट्रॉन सापडला. भौतिकशास्त्रज्ञाने तिथून हलू नये असा तो काळ, आणि ग्रे १९३३ मध्ये माउंट व्हर्नन या कॅन्सरच्या रुग्णालयात नोकरीला गेले!

तिथला प्रश्न साधा दिसणारा होता. शरीराने किती ऊर्जा शोषली ते मोजायचं कसं? आत मीटर ठेवता येत नाही. ग्रे यांचं उत्तर असं : पदार्थात हवेची इवलीशी पोकळी ठेवा, त्या हवेत किती आयन तयार झाले ते मोजा, त्यावरून भोवतालच्या पदार्थाने घेतलेली ऊर्जा काढता येते. ब्रॅग यांनीही हा विचार आधी मांडला होता, म्हणून तो ब्रॅग-ग्रे सिद्धांत.

एका किलोमागे एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. शाळेत घोकलेला तोच ज्यूल. एकदम सगळ्या अंगावर ५ ग्रे पडले आणि उपचार झाले नाहीत तर माणूस बहुधा वाचत नाही. आणि एवढ्या ऊर्जेने पाणी तापेल अंशाच्या हजाराव्या भागाइतकं! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आईला तर ५० द्यायचे होते.

उत्तर पुन्हा ग्रे यांच्याच वाटेवर मिळालं. नुसती ऊर्जा मोजून भागत नाही, पेशीत काय होतं ते बघायला हवं, म्हणून हे भौतिकशास्त्रज्ञ वालासारख्या एका शेंगेच्या रोपांची मुळं किरणांखाली ठेवून वाढ मोजत बसले. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की प्राणवायू कमी मिळणाऱ्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, आणि गाठीच्या आत अशाच पेशी असतात. किरण फक्त गाठीच्या जागी, तेही थोडे थोडे करून देतात. मधल्या दिवसांत निरोगी पेशी सावरतात, गाठीतल्या पेशींना पुन्हा प्राणवायू मिळतो. म्हणून २५ वेळा.

मधल्या काळात दुसऱ्या एका रुग्णालयातल्या संशोधन विभागात मतभेद झाले. ती जागा सोडून त्यांनी माउंट व्हर्ननला स्वतःची प्रयोगशाळा उभारली. १९६५ मध्ये ते गेले. एककाला त्यांचं नाव मिळालं १९७५ मध्ये.

आई आता बरी आहे. तिच्या हातचे थालीपीठ डब्यातून पळवणारे कोणकोण संमेलनाला येणार, हे तिने परवाच विचारलं.