बँटिंगसाहेबांचं वजन

दोन वेळाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? भात सोडायचा की तेल-तूप? नुसतं चालून भागतं की जिमची फी भरायलाच हवी? 2018 च्या सुमारास तर आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या नावांनी घराघरांत तट पडले होते. सासूबाई दीक्षितांच्या, सूनबाई दिवेकरांच्या, आणि मधे सापडलेला नवरा दोन्ही पंगतींना जेवून उठणारा! आमच्या भिशीत या विषयावर इतकी भांडणं ऐकलीत की मला एकदा वाटलं, हे सगळं सुरू तरी कुणी केलं?

शोधत गेले तर एक भला माणूस सापडला. विल्यम बँटिंग. ना डॉक्टर, ना वैद्य, ना पैलवान. त्यांचा धंदा होता अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. डिसेंबर 1796 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांच्या घराण्याची लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर पेढी होती, आणि ती काही साधीसुधी पेढी नव्हे. 1820 मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाचा, 1830 मध्ये चौथ्या जॉर्जचा, 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा आणि 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचा, म्हणजे प्रिन्स अल्बर्टचा अंत्यविधी याच घराण्यानं सांभाळला. राजघराण्याच्या दुःखात उभं राहायचं, सगळं वेळेवर, नीटनेटकं आणि गाजावाजा न करता पार पाडायचं, असं हे काम. आळशी माणसाचं नव्हेच.

हे मुद्दाम सांगतेय. कारण बँटिंगसाहेबांना आयुष्यभर सलत राहिलेली गोष्ट हीच होती. त्यांच्या आईवडिलांकडे कुणीच जाडं नव्हतं. स्वतः ते पन्नासएक वर्षं धंद्यात धावपळ करत होते, नियमानं राहत होते. तरी तिशी ओलांडली आणि अंग सुटायला लागलं. डॉक्टरमित्रानं सांगितलं, व्यायाम करा. मग हे रोज पहाटे दोन-दोन तास नदीवर होडी वल्हवायला जायला लागले. दंड मजबूत झाले, पण भूक अशी काही खवळली की वजन उलट वाढलं. तेव्हा त्याच मित्रानं सांगितलं, वल्हवणं सोडा!

पुढची तीसेक वर्षं त्यांनी काय काय केलं, त्याची यादी वाचताना मला तर आपल्याच मैत्रिणींची यादी आठवत होती. समुद्राची हवा खाल्ली, समुद्रस्नानं केली. घोड्यावर रपेट केली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट इथल्या औषधी झऱ्यांचं पाणी पिऊन झालं. काढे, क्षार, गोळ्या झाल्या. तुर्की स्नानगृहात वाफा घेऊन घेऊन पन्नास स्नानं केली आणि त्यातून उतरलं किती, तर सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. कमी खाऊनही पाहिलं, पण त्यानं अशक्तपणा तेवढा आला.

1862 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांची अवस्था अशी होती: उंची पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड. आपल्या हिशेबानं 91 किलोंच्या वर. वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांना वीस वर्षं पट्टे बांधलेले. बेंबीचा हर्निया झालेला. आणि जिना उतरायचा तो पाठमोरा, एकेक पायरी, कारण सरळ उतरलं तर सगळा भार गुडघ्या-घोट्यांवर यायचा. गुडघे धरलेल्या बायका जिन्याचा कठडा कशा पकडतात ते मी रोज बघते, त्यामुळे तो पाठमोरा उतरणारा म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्याहून वाईट होतं ते लोकांचं बोलणं. रस्त्यानं जाताना, घोडागाडीत बसताना, सभेला गेलं तर तिथे, कुणी ना कुणी शेरा मारायचंच. साहेबांनी त्यामुळे लोकांत जाणंच कमी केलं. राजेरजवाड्यांच्या मृत्यूला ज्यांच्या शब्दावर माणसं हलत, तो माणूस परक्या पोराच्या हसण्याला घाबरून घरात बसला होता! लग्नाच्या मांडवात माझ्या नणंदेला तिच्याच माहेरची माणसं अंगावरून कशी बोलतात ते मी ऐकलंय. दोन वर्षं ती रोज तासभर चालत होती. काटा जागचा हलला नाही, आणि चालायला हवं हे सांगणाऱ्यांची संख्या तेवढी वाढत गेली. दुखणं अंगाचं असतं तसं ते असल्या बोलण्याचंही असतं. बँटिंगनी ते लाजिरवाणं न मानता लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. एकोणिसाव्या शतकातला, पुरुष, तोही प्रतिष्ठित व्यापारी!

खरी गंमत म्हणजे त्यांचं वजन उतरलं ते कानामुळे. ऐकू कमी यायला लागलं म्हणून ते एका कानाच्या नामांकित डॉक्टरकडे गेले. त्यानं फारसं मनावर घेतलं नाही आणि तो सुटीवर निघून गेला. म्हणून दुसरा डॉक्टर शोधावा लागला. ते होते सोहो स्क्वेअरचे डॉ. विल्यम हार्वी. (रक्ताभिसरणवाले हार्वी वेगळे, ते दोनशे वर्षं आधीचे.) या हार्वींनी तपासून सांगितलं की दुखणं कानाचं नाहीच, चरबीचा दाब पडतोय. हार्वी पॅरिसला जाऊन क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञाच्या संशोधनाची चर्चा ऐकून आले होते. यकृत स्वतः साखर तयार करतं, हा बेर्नार यांचा शोध तेव्हा नवा होता आणि मधुमेहाशी त्याचा संबंध जोडला जात होता. मधुमेह्यांना पीठ आणि साखर कमी देतात, मग लठ्ठ माणसाला तेच का करू नये, असा हार्वींचा तर्क.

त्यांनी सांगितलं, पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा, एवढं बंद. बँटिंगचं तोवरचं खाणं नेमकं याच सहा गोष्टींवर उभं होतं! सकाळी दूध-पाव नाहीतर भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोण्याचा टोस्ट, दुपारी मांस, पण सोबत पाव, बिअर आणि पेस्ट्री, रात्री फळांचं गोड पाय. आपल्या भाषेत सांगायचं तर पोळी, भात, बटाट्याची भाजी, साखर आणि चहा एकदम काढून घ्यायचे. काय उरतं हो?

त्यांच्या ताटात उरलं ते असं. सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासळी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, एक औंस कोरडा टोस्ट. दुपारी पाच-सहा औंस मासळी किंवा मांस, बटाटा सोडून कुठलीही भाजी, पुन्हा एकच औंस टोस्ट, थोडं फळ, आणि दोन-तीन ग्लास वाइन. संध्याकाळी थोडं फळ आणि चहा. रात्री तीन-चार औंस मांस, वाइन. शिवाय हवाच असेल तर झोपताना बिनसाखरेचा एक प्याला, जिन, व्हिस्की किंवा ब्रँडीचा! इथे आमच्या भिशीत जोरदार हशा झाला होता. आजचा कुठलाही डॉक्टर हा मद्याचा भाग आधी खोडेल हे उघड आहे.

मी वजनकाट्याच्या हिशेबानं बेरीज करून पाहिली. दिवसाचं मांस-मासळी मिळून बारा ते पंधरा औंस, म्हणजे साधारण साडेतीनशे ते सव्वाचारशे ग्रॅम. टोस्ट एका वेळी 28 ग्रॅम, आपल्या एका छोट्या फुलक्याएवढा. म्हणजे साहेबांना वाटत होतं आपण पोटभर जेवतोय, आणि तसं ते जेवत होतेही, पण सगळं मोजूनमापून चाललं होतं. मग वजन पीठ-साखर सोडल्यानं उतरलं की एकूणच कमी खाल्ल्यानं? हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही. मांस आणि भाज्यांनी पोट भरल्यासारखं राहतं, म्हणून कमीवर भागतं. होडी वल्हवून जी भूक खवळायची ती इथे खवळली नाही.

पहिल्या 38 आठवड्यांत 35 पौंड गेले. सप्टेंबर 1863 पर्यंत एकूण 46 पौंड, म्हणजे जवळजवळ 21 किलो, आणि कमरेचे सव्वाबारा इंच. काटा 156 पौंडांवर आला. गुडघ्याचे पट्टे सुटले, कान सुधारले, आणि म्हातारा सरळ तोंडानं जिना उतरायला लागला.

एखादा गप्प बसला असता. यांनी 1863 मध्ये स्वतःच्या खर्चानं लठ्ठपणावर एक पत्रवजा पुस्तिका छापली आणि फुकट वाटली. दुसरी आवृत्तीही फुकटच. मागणी आवरेना तेव्हा तिसरीपासून विकायला काढली, आणि त्यातून आलेला पैसा धर्मादाय संस्थांना दिला. हजारो प्रती खपल्या, परदेशी भाषांतरं झाली, पत्रांचा पाऊस पडला.

डॉक्टर मंडळी मात्र चिडली. लॅन्सेटनं, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकानं, त्यांना आपल्या धंद्यापुरतं बघायचा सल्ला दिला. यात नवीन काही नाही, असं काहींचं म्हणणं. ते खरंही होतं, फ्रान्सच्या ब्रिया-साव्हारांनी 1825 मध्येच जाडेपणाचं खापर पिठूळ पदार्थांवर फोडलं होतं. पंच या विनोदी साप्ताहिकानं थट्टा केली. साहेबांची तब्येत त्या आहारानं बिघडल्याच्या वावड्याही उठल्या. डॉक्टरांचा एक आक्षेप मला पटतो: एका माणसाला लागू पडलं म्हणजे सगळ्यांना पडेल असं नाही. पण तीस वर्षं हाच माणूस त्यांच्या दारात उभा होता, तेव्हा त्याच्यासाठी कुणाकडे काय होतं? आणि एक आक्षेप माझाही आहे. तीन वेळा मांस आणि वाइन हे खिशात पैसे असलेल्यांचं पथ्य. लंडनचा मजूर तर पाव-बटाट्यावरच जगत होता.

पुढे जर्मनीत नीमायर यांनी या आहारातली चरबी कमी केली. 1882 मध्ये एब्श्टाइन यांनी ती पुन्हा वाढवली! म्युनिकच्या अर्टेल यांनी तर पाणी मोजून प्यायला आणि टेकड्या चढायला लावलं. 1918 मध्ये अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजायला शिकवलं. ओळखीचं वाटतंय ना सगळं? 2018 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 609 माणसांना दोन गटांत वाटलं, एकाला कमी पीठ-साखर, दुसऱ्याला कमी चरबी. वर्षभरानं पहिल्या गटाचं सरासरी सहा किलो आणि दुसऱ्याचं 5.3 किलो उतरलं, म्हणजे फरक नगण्य. त्याच गटांत कुणाचं खूप उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. व्यायामाचं म्हणाल तर नुसत्या त्याच्या जोरावर वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला, स्नायू आणि साखर सांभाळायला तो हवाच, असं आता मानलं जातं. नणंदेला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली की हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर ती तरीही चालली असती, पण रडत चालली नसती.

बँटिंगसाहेबांचं नाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसलं. वजन उतरवणारा माणूस बँटिंग करतो असं म्हणायची पद्धत पडली. स्वीडिश भाषेत आजही वजन कमी करण्याला बांता असंच म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत 2013 नंतर कमी पीठ-साखरेच्या आहाराची लाट आली, तीही त्यांच्याच नावानं. इन्सुलिन शोधणारे फ्रेडरिक बँटिंग हे त्यांचे दूरचे नातेवाईक होते, असंही सांगितलं जातं.

पुस्तिकेनंतर साहेब आणखी पंधरा वर्षं जगले. मार्च 1878 मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी लंडनमध्ये ते वारले आणि ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. पेढी पुढच्या पिढ्यांनी चालवली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणी गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीची व्यवस्थाही बँटिंगांकडेच होती.