देविका राणी

मेलबर्नच्या एसीएमआय संग्रहालयात 2017 साली 'बॉम्बे टॉकीज'चे प्रदर्शन भरले होते. वेस्टमीडहून आम्ही काही जण ते पाहायला गेलो होतो. सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते देविका राणींच्या छायाचित्रांपुढे.

त्यांचा जन्म 1908 सालचा, वॉल्टेअरचा. लहानपणीच शिकायला इंग्लंडला गेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच परदेशात वाढल्या! 1929 साली हिमांशू राय यांच्याशी लग्न झाले आणि 1934 साली दोघांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. कॅमेऱ्यामागे म्युनिकचे योझेफ विर्शिंग. 'अछूत कन्या'तली (1936) फाटकवाल्याची कस्तुरी उजळली ती त्यांच्या प्रकाशात. पुढे युद्ध सुरू झाले आणि जर्मन म्हणून विर्शिंगना इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले. 1940 साली राय वारले. बत्तीस वर्षांच्या देविका राणींनी स्टुडिओ हाती घेतला. 1943 साली शशधर मुखर्जी, अशोककुमार वेगळे झाले, तरी त्या डगमगल्या नाहीत. दिलीपकुमारना पहिली संधी त्यांनीच दिली. छायाचित्रांत त्यांचे रूप दिसते, स्टुडिओ चालवणारी बाई मात्र दिसत नाही, याची आम्हाला चुटपुट लागली.

1945 साली चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी लग्न करून त्यांनी चित्रपट सोडला, तो कायमचा. पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांनाच मिळाला. 1994 साली त्या बंगळूरला वारल्या.