ह्युबर्ट विल्किन्स

सर जॉर्ज ह्युबर्ट विल्किन्स (३१ ऑक्टोबर, इ.स. १८८८ – ३० नोव्हेंबर, इ.स. १९५८) हे ऑस्ट्रेलियन वैमानिक, युद्धछायाचित्रकार व ध्रुवीय संशोधक होते. आर्क्टिक महासागर ओलांडणारे पहिले विमानोड्डाण आणि अंटार्क्टिकावरील पहिले विमानोड्डाण ही दोन्ही त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. ध्रुवप्रदेशांतील हवामानाच्या नोंदींवरून दुष्काळाचे पूर्वानुमान करता यावे, हा त्यांच्या मोहिमांमागील मूळ हेतू होता.

बालपण व शिक्षण

विल्किन्स यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट ब्रायन ईस्ट येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. ते आईवडिलांचे तेरावे अपत्य होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या भीषण दुष्काळात त्या भागातील मेंढ्या व गुरे मोठ्या संख्येने मेली आणि त्यांच्या कुटुंबाची शेती मोडली. पुढे हे कुटुंब ॲडलेड येथे स्थायिक झाले. पाऊस दगा देणार हे आधी कळले, तर शेतकऱ्याला वेळीच तजवीज करता येईल, हा विचार विल्किन्स यांच्या मनात या अनुभवातून रुजला. ॲडलेड येथे त्यांनी अभियांत्रिकी व संगीताचे शिक्षण घेतले. इ.स. १९०८ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे चलच्चित्रण करीत असतानाच ते विमान चालवण्यास शिकले. इ.स. १९१३ ते १९१६ या काळात व्हिल्यालमुर स्टेफानसन यांच्या कॅनेडियन आर्क्टिक मोहिमेत त्यांनी बर्फावर तगून राहण्याची विद्या आत्मसात केली.

पहिले महायुद्ध

इ.स. १९१७ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियन उड्डाणदलात अधिकारपद मिळाले. तथापि त्यांच्याकडे मुख्यतः पश्चिम आघाडीवरील छायाचित्रणाचे काम सोपवण्यात आले. जखमी सैनिकांना गोळीबारातून बाहेर काढल्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला. पुढे अधिकारी गमावलेल्या अमेरिकी तुकडीला सावरल्याबद्दल तोच सन्मान त्यांना दुसऱ्यांदा मिळाला.

ध्रुवीय उड्डाणे

इ.स. १९२१-२२ मध्ये ते अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत निसर्गशास्त्रज्ञ होते. इ.स. १९२६ पासून त्यांनी अलास्काहून आर्क्टिकवर उड्डाणे आरंभली. इ.स. १९२७ मध्ये समुद्राची खोली मोजण्यासाठी ते व वैमानिक कार्ल बेन आयल्सन तरंगत्या बर्फावर उतरले. परतताना इंधन संपल्याने त्यांना पुन्हा बर्फावर उतरावे लागले आणि किनारा पायी गाठावा लागला. थंडीने आयल्सन यांचे एक बोट गेले.

एप्रिल १९२८ मध्ये या दोघांनी अलास्कातील पॉइंट बॅरो ते स्पिट्सबर्गन हे सुमारे ३,५०० कि.मी. अंतर २० तासांहून थोड्या अधिक वेळात पार केले. अखेरच्या टप्प्यात वादळामुळे त्यांना एका निर्जन बेटावर उतरून काही दिवस अडकून पडावे लागले. या उड्डाणाबद्दल विल्किन्स यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी डिसेप्शन बेटावरून अंटार्क्टिकातील पहिले विमानोड्डाण झाले. डिसेंबरमध्ये त्यांनी ग्रॅहम लँडचे हवाई निरीक्षण केले. हा भूभाग म्हणजे बेटांचा समूह आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढे चुकीचा ठरला.

नॉटिलस पाणबुडी

इ.स. १९३१ मध्ये त्यांनी 'नॉटिलस' या जुन्या पाणबुडीतून बर्फाखालून उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा प्रयत्न केला. पाणबुडीची बुडी नियंत्रित करणारी सुकाणूची पाती नाहीशी झाल्याचे वाटेत आढळले. तरीही पाणबुडी काही काळ बर्फाखाली नेण्यात आली. शास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरद्रुप यांनी या प्रवासात उपयुक्त निरीक्षणे नोंदवली. ध्रुव मात्र गाठता आला नाही आणि या मोहिमेची वृत्तपत्रांतून थट्टा झाली.

हवामानविषयक कार्य

ऑस्ट्रेलियातील पर्जन्यमानाचा अंटार्क्टिकावरील वातावरणाशी संबंध असावा, असे विल्किन्स यांचे मत होते. एकेका ठिकाणच्या नोंदी त्यासाठी अपुऱ्या पडतात. म्हणून दोन्ही ध्रुवांभोवती कायम हवामान केंद्रे उभारावीत आणि त्यांच्या नोंदी सर्व देशांनी परस्परांना द्याव्यात, अशी त्यांची योजना होती. उड्डाणांमागे अशा केंद्रांसाठी जागा शोधण्याचाही हेतू होता. या योजनेसाठी आवश्यक तेवढा पैसा त्यांना कधीच उभा करता आला नाही. इ.स. १९४२ पासून ते शीत प्रदेशातील पोशाख व साधनांविषयी अमेरिकी सैन्याचे सल्लागार होते.

मृत्यू व वारसा

आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (इ.स. १९५७-५८) बारा देशांनी अंटार्क्टिकावर संशोधन केंद्रे चालवली. ऑगस्ट १९५८ मध्ये 'नॉटिलस' याच नावाची अमेरिकी अणुपाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेमिंगहॅम (मॅसॅच्युसेट्स) येथे विल्किन्स यांचे निधन झाले. १७ मार्च १९५९ रोजी 'स्केट' या पाणबुडीने उत्तर ध्रुवावर बर्फ फोडून वर येऊन त्यांची रक्षा तेथे विखुरली. अंटार्क्टिकातील विल्किन्स हिमफलकास त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारताच्या मैत्री व भारती या केंद्रांसह अनेक देशांच्या केंद्रांवर आज हवामानाच्या नियमित नोंदी घेतल्या जातात.