गाडगेबाबांचा खराटा

वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात सकाळच्या प्रहरी एक अनोळखी माणूस येई. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, डोक्यावर मातीचे गाडगे आणि हातात खराटा, असा त्याचा वेष असे. तो कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसे. वेशीपाशी येताच तो रस्ता झाडावयास लागे. केरकचरा गोळा करी, साचलेली घाण उपसून काढी. काही लोक त्याला वेडा समजत. मुले त्याच्यामागे धावत. दिवस मावळल्यावर मात्र त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तनाला गर्दी लोटे, आणि सकाळचा तो झाडणारा माणूस कीर्तनाला उभा राही. तेव्हा लोकांना कळून येई की, हेच गाडगे महाराज!

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांना दारूचे व्यसन जडले होते. त्या व्यसनाने घरदाराची धूळधाण झाली आणि डेबूजी लहान असतानाच वडील वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळील दापुरे गावी आली. तेथे मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले. गोठा झाडावा, गुरे धुवावीत, शेतात राबावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. शाळेचे तोंड त्यांना पाहावयास मिळाले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. दारूने एक घर बुडालेले आणि कर्जाने दुसरे घर खचलेले, असे दोन्ही प्रकार त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्यांची पुढील सारी शिकवण या अनुभवातून उगवली.

त्या काळी बारशासारख्या प्रसंगी जातभाईंना मांस व दारू यांचे जेवण घालण्याची रूढी होती. त्यासाठी ऋण काढावे लागले, तरी लोक काढीत. डेबूजींच्या घरी मुलगी जन्माला आली, तेव्हा त्यांनी ही रूढी मोडली. त्यांनी पाहुण्यांना साधे गोड जेवण वाढले. जातभाई रुष्ट झाले. आपल्याच माणसांचा रोष पत्करणे सोपे नसते. परंतु जे अयोग्य आहे, ते केवळ चालत आले म्हणून करीत राहावे, हे त्यांना पटले नाही. बदलाचा आरंभ त्यांनी आपल्या घरापासून केला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले आणि लोकसेवेचे व्रत घेतले. त्यांच्या गरजा अगदी थोड्या होत्या. वस्त्र फाटले, तर ते टाकून न देता त्यावर ठिगळ लावीत. एकच गाडगे त्यांना जेवावयास व पाणी प्यावयास पुरे. श्रम केल्यावाचून घास घेऊ नये, असा त्यांचा नेम होता. कोणाचे अंगण झाडावे, कोणाची लाकडे फोडावीत आणि मग मिळेल ती भाकरी त्या गाडग्यात घेऊन खावी! या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पंढरपूरच्या यात्रेत हजारो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत. साहजिकच तेथे घाण साचे, नदीचे पाणी दूषित होई आणि रोगराई पसरण्याचे भय निर्माण होई. भाविक देवळाकडे धाव घेत. गाडगेबाबा मात्र खराटा घेऊन वाळवंट झाडीत. ज्या नदीला आपण पवित्र मानतो, तिच्या काठी घाण करणे त्यांना देवाचा अपराध वाटे.

कीर्तनात ते साध्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवसापोटी मुक्या जनावराचा बळी देऊ नये, दारूला शिवू नये, ऋण काढून सण करू नये, कोणाला अस्पृश्य मानू नये, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल पण मुलांना शाळेत घालावे, हा त्यांचा उपदेश असे. स्वतः निरक्षर असलेल्या या पुरुषाला विद्येचे मोल पुरेपूर कळले होते.

लोक त्यांना सढळ हाताने पैसा देत. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. नद्यांना घाट बांधले गेले. गोरक्षणाची, अनाथ व अपंगांच्या सेवेची कामे निघाली. परंतु त्यातील एक पैही बाबांनी स्वतःसाठी वा आप्तांसाठी वापरली नाही. लाखांचा व्यवहार त्यांच्या शब्दावर होई. त्यांच्या हाती मात्र खराटा आणि गाडगे एवढेच राहिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासात असतानाच त्यांचे देहावसान झाले. इसवी सन २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि राज्यातील असंख्य गावांनी त्यात भाग घेतला. स्वच्छ गावांना बक्षिसे मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु बक्षीस एकदाच मिळते; केर मात्र रोज साचतो. म्हणून शेंडगावचा रस्ता असो, नांदेड जिल्ह्यातील नायगावचा असो, की तुमच्या शाळेपुढचा असो, तो आज झाडला तरी उद्या पुन्हा झाडावा लागेल. सत्कर्म एक दिवस करून भागत नाही, ते अंगवळणी पडावे लागते, हे गाडगेबाबांनी सुमारे पन्नास वर्षे खराटा चालवून दाखवून दिले.