तामीरातीतील कादंबरीकार

आमच्या वडिलांनी बांधलेल्या चिजांची वही गेल्या वर्षी तिसऱ्यांदा परत आली. ज्या प्रकाशकांकडे पाठविली होती त्यांचे नाव सांगण्यात अर्थ नाही. पत्र सभ्य होते. वहीभोवतीचा दोरा मात्र मी मारलेल्या गाठीसकट तसाच होता. वडील दरबारी गवई. नकार त्यांनाही ठाऊक होता, पण तो समोरासमोरचा. बैठकीत मान डोलली नाही, विडा पुढे आला नाही, बिदागी हलकी झाली, की गवई काय ते समजतो. लिहिणाऱ्याचा नकार टपालाने येतो, आणि पुष्कळदा तोही येत नाही. त्या संध्याकाळी शिकवणी आटोपल्यावर मी कपाटातून बी. रघुनाथ काढले.

भगवान रघुनाथ कुळकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, सातोना येथला. हे गाव त्या काळच्या परभणी जिल्ह्यातले, हैदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. शिक्षणासाठी ते आपल्या शहरी आले आणि विवेकवर्धिनीतून १९३२ साली मॅट्रिक झाले. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा होते, परंतु कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी जपावयाची ती घरात, देवळात, आणि विवेकवर्धिनीसारख्या खासगी शाळांत. असे असूनही १९३१ चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. त्या वेळी भगवान कुळकर्णी अठराच्या आतबाहेरचे विद्यार्थी होते. कवितेला सुरुवात झालीच होती. आरंभीच्या काळात ते ‘फुलारी’ या नावाने लिहीत.

मॅट्रिकनंतरचे शिक्षण झाले नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी मिळाली. निजामी बोलीत हे खाते म्हणजे तामीरात. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांचे कागद दिवसभर लिहावयाचे, आणि रात्री कंदिलापाशी आपले. परभणीच्या कारकुनाची ही रात्रपाळी मरेपर्यंत चालू राहिली.

१९३६ साली पहिली कादंबरी निघाली. तिचे नाव ‘ओ’. हाक मारल्यावर द्यावयाची ती ओ. एका अक्षराचे नाव देण्याची छाती तेविसाव्या वर्षी या माणसाला झाली, याचे मला अजून नवल वाटते. त्या हाकेला पुण्या-मुंबईहून ओ आली नाही.

हे नीट समजण्यासाठी थोडे बाहेर पाहिले पाहिजे. लंडनसारख्या शहरी लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एक मध्यस्थ असतो. हस्तलिखित कोणाच्या दारी न्यावयाचे हे तो ठरवितो आणि लेखकाच्या मिळकतीतला ठराविक हिस्सा घेतो. ‘ओ’ निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, म्हैसूरच्या आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी तिकडे प्रसिद्ध झाली. तीही आधी अनेक प्रकाशकांनी परत केली होती. शेवटी कंटाळून नारायण यांनी ऑक्सफर्डच्या आपल्या स्नेह्यास ते बाड दगड बांधून थेम्समध्ये बुडविण्यास कळविले होते. स्नेह्याने ते बुडविले नाही. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या हाती दिले, आणि मार्ग निघाला. मराठीत अशा मध्यस्थाची चालच नव्हती. ओळखीच्या कोणा थोराची चिठ्ठी हाच आमचा मध्यस्थ. आणि परभणीच्या कारकुनाला पुण्यातला कोण ग्रीन भेटणार! हस्तलिखित न्यावयाचे तर मनमाडवरून संस्थानाची हद्द ओलांडावी लागे, आणि हद्दीपलीकडच्या वाचकाला मोगलाई म्हणजे परमुलूख वाटे.

‘ओ’ नंतर सात वर्षे दुसरी कादंबरी निघाली नाही. या सात वर्षांवर मी फार वेळ विचार केला आहे. पहिल्या मैफलीनंतर सात वर्षे बोलावणे न आलेले गवई मी पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक शेवटी तबल्याची दुरुस्ती करू लागतात. बी. रघुनाथ थांबले नव्हते. १९४० साली ‘साकी’ हा कथासंग्रह आला, १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. या नावावर गाणाऱ्या माणसाची नजर अडावी हे साहजिक आहे. आलापीला तालाचे बंधन नाही, शब्दांचाही आधार नाही. श्रोता दाद देवो न देवो, राग आपल्या जागी उभा करावा लागतो.

आणि मग चमत्कार वाटावा अशी चार वर्षे आली. १९४३ साली ‘हिरवे गुलाब’, १९४४ साली ‘बाबू दडके’, १९४५ साली ‘उत्पात’, १९४६ साली ‘म्हणे लढाई संपली’. दरसाल एक कादंबरी, तीही युद्धामुळे कागदाची टंचाई असताना, कचेरीची नोकरी सांभाळून! त्यातच ‘अलकेचा प्रवासी’ हे ललित निबंधांचे पुस्तक. मान्यता मिळाल्यामुळे हा पूर आला असे कोणी म्हणू नये. हयातीत पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. माझे मत असे की, केव्हातरी त्यांनी तिकडच्या टपालाची वाट पाहणे सोडले असावे. साकी, फकिराची कांबळी, छागल ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. ती आपल्या मातीतली, दखनी कानाची आहेत. दाद मिळविण्याकरिता त्यांनी ती सदाशिव पेठी करून घेतली नाहीत.

१९४७ साली त्यांच्या वाढदिवशी देश स्वतंत्र झाला, परभणी मात्र आणखी तेरा महिने निजामीतच राहिली. रझाकारांचा तो काळ इथल्या जुन्या घरांना सांगावा लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला तो सरला आणि पुढल्याच वर्षी त्यांची कादंबरी आली, ‘जगाला कळले पाहिजे’. हे नाव वाचून आपल्यापैकी कोणालाही वेगळी प्रस्तावना लागू नये.

७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीस, कचेरीत काम करीत असताना, हृदयविकाराने ते गेले. चाळिशी पुरी होऊन तेवीस दिवस झाले होते. १९५४ साली ‘आडगावचे चौधरी’ निघाली, १९५५ साली ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा दुसरा कवितासंग्रह, १९५६ साली ‘काळी राधा’. त्याच १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे होऊन परभणी एका राज्यात गेली आणि आपण दुसऱ्या. त्यामुळे त्यांचे नाव आज मराठवाड्यात अगत्याने घेतले जाते, ७ सप्टेंबरला त्यांच्या स्मरणाचे कार्यक्रमही होतात. परंतु ज्या शहरात ते शिकले तेथील मराठी मुलांना ते क्वचितच माहीत असतात. माझ्या शिकवणीतल्या अकरा मुलांत एकीनेच नाव ऐकले होते, तेही आजीकडून.

ज्यांची वतने, वाडे किंवा निदान आजोळ गोदावरीकाठी होते, त्यांनी आरंभ ‘आडगावचे चौधरी’पासून करावा. ‘ओ’ मागाहून वाचली तरी चालेल.