पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की आपल्या भागात पहिले नाव येते ते पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे. आपल्या जिल्ह्यातील परळीच्या श्री वैजनाथाचे मंदिर याच माउलीने नव्याने उभे केले. त्यांचे माहेरही आपल्या शिवेलगतच. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चोंडी हे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी दि. ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला.

मल्हारराव होळकरांनी ही मुलगी चोंडीच्या देवळात पाहिली व सून म्हणून पसंत केली, असे सांगतात. इ. स. १७३३ मध्ये त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह झाला. मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. सासूबाई गौतमाबाई मोठ्या कर्तबगार. सुनेला घर आणि हिशेब दोन्ही शिकविणारे असे सासर त्या काळी किती जणींना लाभले असेल?

इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरून त्यांना मागे फिरविले. त्यानंतर मल्हाररावांनी सुनेवर वसुलापासून तोफखान्याच्या तयारीपर्यंत सारी कामे सोपविली. इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि पुढील वर्षी पुत्र मालेरावही गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही हे पाहून राघोबादादा फौज घेऊन दौलत ताब्यात घेण्यास आले. बाईंनी लढण्याची सिद्धता केली व स्त्रीकडून हार झाल्यास लोकांत हसे होईल, असा निरोप पाठविला. दादांना सांत्वनासाठी आल्याचे सांगावे लागले! पेशवे माधवरावांनी बाईंचाच हक्क मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्या नर्मदाकाठी महेश्वरास राहून कारभार पाहू लागल्या.

सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा व दानधर्म, साधे जेवण, दुपारी दरबार, आणि रात्री पुन्हा कागदपत्रे, हा नित्यक्रम सर जॉन माल्कम यांनी नोंदविला आहे. उन्हाळ्यात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यास बाईंची माणसे शेतावर जात. पाखरांना शेतकरी हुसकतात म्हणून काही उभी पिके विकत घेऊन पाखरांसाठीच राखली जात. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखाला याचे मोल सांगावयास नको.

आता देणगीदारांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, परळी, शिवाय ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा. एवढा खर्च कोठून झाला? होळकरांच्या घरातील स्त्रियांच्या नावे इ. स. १७३४ पासून खासगीची निराळी जहागीर होती. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. धर्मकार्याचा खर्च या स्वतःच्या उत्पन्नातून होई. रयतेचा वसूल निराळा आणि आपले दान निराळे, हा भेद त्यांनी पाळला.

देवाच्या दारी इतके देऊनही घरचे दुःख संपले नाही. मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा नथ्याबा तरुणपणी गेला. त्यामागोमाग इ. स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईने पाया पडून विनविले, परंतु लेक ऐकेना. एकेकाळी सासऱ्याच्या शब्दाखातर ज्या मागे फिरल्या, त्यांचा शब्द लेकीला मागे फिरवू शकला नाही. नर्मदेच्या काठी उभे राहून त्यांना ते पाहावे लागले. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि लेकीचे स्मारक बांधावयास घेतले. कारभारही पुन्हा सुरू झाला.

दि. १३ ऑगस्ट १७९५, श्रावण वद्य चतुर्दशी. महेश्वरी वयाच्या सत्तराव्या वर्षी अहिल्याबाईंनी देह ठेवला. पती, पुत्र, कन्या, जावई, नातू, यांपैकी अग्नी द्यावयास कोणीही उरले नव्हते.